बाळंतपणाला गेले आणि ब्रॉम्प्टन घेऊन आले

लेकीच्या बाळंतपणासाठी २०२३च्या जूनमध्ये आम्ही दोघं लंडनला निघालो, तेव्हा बॅगांत डिंकाचे लाडू, अळीव, बाळगुटी आणि सासूबाईंच्या नऊवारींच्या दोन गोधड्या होत्या. ऑक्टोबरात परतलो तेव्हा गोधड्या तिकडे राहिल्या होत्या आणि त्यांच्या जागी सायकल होती. आता ती पुण्यात दोन वर्षं चालवून झाली. ओळखीतले निम्मे लोक विचारतात, "एवढे पैसे कशाला घातलेस?" उरलेले विचारतात, "कस्टमवाले धरतात का गं?" प्रत्येकाला वेगळं सांगून घसा बसला, म्हणून लिहून काढतेय.

सायकल ब्रॉम्प्टन, घडीची. अँड्र्यू रिची नावाच्या इंजिनिअरनं १९७५मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या आपल्या फ्लॅटमध्ये ती बनवायला घेतली. समोर ब्रॉम्प्टन ऑरेटरी नावाचं चर्च दिसायचं, तेच नाव सायकलला मिळालं. आज कारखाना ग्रीनफर्डला आहे, म्हणजे लेकीच्या हॅनवेलच्या घरापासून दोन-तीन मैलांवर. फ्रेमचे पोलादी नळे तिथं अजून माणसं हातानं पितळेच्या झाळकामानं जोडतात आणि जोडणारा आपली खूण उठवतो. माझ्या सायकलवर ती खूण कुठं आहे ते मी भिंग लावून शोधलंय. बँकेत चौतीस वर्षं सह्या ताडून पाहिल्या, सवय जात नाही.

मला सायकल नवी नाही. कॉलेजला असताना डेक्कनवरून टिळक रोडला रोज लेडीज सायकल मारायचे. मग लग्न, लूना, स्कूटी आणि गुडघे, या क्रमानं ती सुटली. हॅनवेलला नात दुपारी झोपली की मला दोन तास मोकळे मिळत. घराजवळून ग्रँड युनियन कॅनॉल जातो. एका बाजूला लॉकची रांग, म्हणजे बोटींना पायरी-पायरीनं वर-खाली नेणारे पाण्याचे दरवाजे, आणि काठानं पायवाट. चालून चालून किती चालणार? सकाळी स्टेशनवर मात्र सुटाबुटातली माणसं सायकलवरून येत, उतरत आणि तुम्ही चष्मा पुसून परत घालेपर्यंत हातात एक चौकोनी गाठोडं घेऊन गाडीत चढत. मला त्या गाठोड्याचं वेड लागलं.

आधी भाड्यानं घेऊन बघितली, आणि ज्यांना घ्यायची आहे त्यांनी हेच करावं. काही स्टेशनांबाहेर ब्रॉम्प्टनच्याच भाड्याच्या सायकलींची कपाटं असतात. फोनवरून नोंदवलं की एक कप्पा उघडतो. पहिले पन्नास फूट हँडल हातात थरथरतं. चाक सोळा इंचांचं, त्यामुळं जरा वळवलं की भरकन वळतं. दुसऱ्या दिवशी सवय होते. तिसऱ्या दिवशी मी कॅनॉलच्या काठानं जाऊन वाटेत बसून डबा खाऊन आले. चौथ्या दिवशी यांना सांगितलं की घ्यायची.

"अगं, आजीनं नातीला सायकल घेऊन द्यायची असते," हे म्हणाले.

नात तेव्हा एकवीस दिवसांची होती.

कॉव्हेंट गार्डनजवळ लाँग एकरवर ब्रॉम्प्टनचं स्वतःचं दुकान आहे, तिथं गेलो. दुकानाबद्दल तक्रार नाही. मी काही घेईन असं माझ्याकडे बघून वाटण्यासारखं नव्हतं, तरी मुलीनं तीन प्रकारची हँडलं लावलेल्या सायकली काढून दिल्या, मागच्या गल्लीत चालवू दिल्या, घाई केली नाही. सहा गिअरची नवी सायकल दीड हजार पाउंडांच्या आसपास. मी विचारलं, टॅक्स परत मिळेल ना? युरोपात पर्यटकांना मिळतो, हे मला ठाऊक होतं. ती म्हणाली, नाही, ब्रिटननं प्रवाशांसाठीची ती योजना २०२१पासून बंदच केली. म्हणजे वीस टक्के व्हॅट तिथंच सोडायचा आणि वर मुंबईत कस्टम. मी दुकानातच फोनवर आकडेमोड केली आणि नव्या सायकलीचा विचार लाँग एकरवर सोडून आले.

जुनी घ्यायचं ठरलं. जावई दोन आठवडे रोज रात्री जाहिराती बघत होते. ब्रॉम्प्टन जुनी झाली तरी भाव फारसा पडत नाही, हे तेव्हा कळलं. घेताना राग येतो, घेतल्यावर बरं वाटतं. शेवटी चिझिकमध्ये एका निवृत्त शिक्षिकेकडे २०१८ची 'एम सिक्स एल' मिळाली. २०२१च्या आधीच्या सायकलींना अशी अक्षरं असायची आणि ती एकदा कळली की जाहिरात वाचता येते: एम म्हणजे मधल्या उंचीचं हँडल, सिक्स म्हणजे सहा गिअर, एल म्हणजे मडगार्ड आहेत पण मागं कॅरिअर नाही. गडद हिरवा रंग, किंमत ७२० पाउंड. पुढची कापडी पिशवी त्यातच.

इथं माझी बँक कामाला आली. लंडनमध्ये सायकली फार चोरीला जातात, त्यामुळं जुनी घेताना आधी फ्रेम नंबर मागायचा. बाइकरजिस्टर म्हणून नोंदवही आहे, तिथं तो नंबर टाकला की चोरीची नोंद आहे का ते फुकट बघता येतं. नव्हती. मग मी बाईंना म्हटलं, मूळ बिल आहे का? होतं. त्याशिवाय एका कागदावर फ्रेम नंबर, रक्कम, तारीख लिहून सही घेतली. जावई बिचारे लाजेनं पडद्याकडे बघत होते. बाईंना मात्र आवडलं. म्हणाल्या, मीही वर्गात अशीच होते. त्यांनीच दिवाणखान्यात गालिच्यावर घडी शिकवली. सीटच्या मागची कडी उचलून मागचं चाक पोटाखाली घ्यायचं. मधला क्लॅम्प सैल करून पुढचं चाक वळवून त्याच्या शेजारी आणायचं. हँडल पाडायचं, सीट खाली दाबायची. सीट खाली गेली की सगळी घडी बंद होते, उचलली तरी सुटत नाही. एकच मेख आहे: पेडल नेमक्या जागी आणलेलं नसलं की घडी मध्येच अडते, आणि मग माणूस जोर लावतो. जोर लावायचा नाही. पेडल उलटं फिरवून परत सुरुवात. मला चार दिवस लागले, यांना अजून जमत नाही.

घडीत साखळी दोन चाकांच्या मध्ये जाते, त्यामुळं कपड्यांना काळं लागत नाही. याचं महत्त्व पांढरी सलवार घालणारीलाच कळेल.

आता आणायचं कसं. घडी केलेल्या सायकलची मापं साडेचौसष्ट, साडेअठ्ठावन्न आणि सत्तावीस सेंटिमीटर, बेरीज दीडशे. विमान कंपन्या साधारणपणे लांबी-रुंदी-उंची मिळून १५८ सेंटिमीटरपर्यंत साधी बॅग धरतात. म्हणजे नीट बांधली तर ती 'क्रीडासाहित्य' होत नाही, बॅगच राहते. वजन साधारण बारा किलो, एका बॅगेच्या तेवीस किलोंच्या मर्यादेत निम्म्याहून थोडं जास्त. मोठ्या सायकलीला खोका, चाकं काढणं, जादा पैसे, सगळं आलं असतं. ब्रॉम्प्टनचा खरा फायदा मला हॅनवेलच्या रस्त्यावर नाही, इथं वजनकाट्यावर पटला.

पिशवी आयकियाची. 'डिंपा' नावाची अर्धपारदर्शक, चेनची, खरं तर गाद्या-उशा ठेवायची. पण ब्रॉम्प्टनवाल्यांत ती प्रसिद्ध आहे, कारण घडी तिच्यात कशीबशी मावते. फ्रेमच्या मधला आणि हँडलच्या बुडाशी असलेला, असे दोन्ही क्लॅम्प हातानं फिरवून काढले (ते बाहेर आलेले असतात, त्यांच्यावरच आपटतं), उजवं पेडल पंधराच्या पान्यानं काढलं. डावं मिटतं, ते राहू दिलं. दोन्ही बाजूंना खोक्याचे पुठ्ठे. फटींमध्ये यांचे थर्मल, टॉवेल आणि लेकीनं नको म्हणून परत दिलेली दोन कुंच्यांची लोकर. क्लॅम्प, त्यांचे स्क्रू आणि पेडल एका डब्यात. लाडूंचाच डबा. तो बॅगेच्या आत ठेवा, हातात ठेवू नका; पाना आणि लोखंडाचे तुकडे हातातल्या बॅगेत दिसले की सुरक्षा तपासणीत कथा सांगत बसावी लागते.

काउंटरवर कोणी काही विचारलं नाही. नाजूक वस्तूचं लेबल मी मागून लावून घेतलं. त्याचा काय उपयोग झाला ते पुढं येईल.

मुंबईला उतरलो. आम्हाला तिकडून निघताना प्रत्येक जण सांगत होता, सरळ हिरव्या वाटेनं, म्हणजे कस्टमला दाखवण्यासारखं काही नाही म्हणणाऱ्यांच्या वाटेनं चला, म्हाताऱ्या माणसांना कोणी अडवत नाही. मी म्हटलं, पेन्शन खाते मी, खोटं बोलायला नाही. लाल वाटेनं गेलो. तिथं रांगच नव्हती.

"काय आहे?"

"सायकल."

"लहान मुलाची?"

"नाही, माझी."

अधिकाऱ्यानं आधी पिशवीकडे, मग माझ्याकडे बघितलं. वयानं माझ्या मुलासारखा. म्हणाला, "उघडून दाखवा, काकू." पिशवी उघडली. "तशी नाही, सायकल उघडा." मी सांगितलं, क्लॅम्प काढलेत, उघडली तरी उभी राहणार नाही. मग लाडूंचा डबा काढून दाखवला. त्यात खरोखर दोन लाडूही होते, हे मी विसरले होते.

यांची कल्पना अशी की दोघांच्या सवलती मिळून एक लाख होतात, मग भरायचं काय? तसं चालत नाही. प्रत्येक प्रवाशाची सवलत त्याची त्याची, एका वस्तूवर दोघांची जोडता येत नाही. आम्ही आलो तेव्हा ती माणशी ५०,००० रुपये होती (हे आकडे बदलतात, निघण्याआधी बघून घ्या). मला वाचून माहीत होतं, म्हणून नातेवाइकांची चॉकलेटं, स्वेटर, परफ्यूम सगळं यांच्या बॅगेत आणि माझ्या नावावर फक्त सायकल. शिक्षिकाबाईंची सही असलेला कागद आणि मूळ बिल पुढं ठेवलं. अधिकाऱ्यानं ७२० पाउंड मान्य केले, १०४चा दर धरला, झाले ७४,८८०. त्यातले ५०,००० वजा. उरलेल्या २४,८८०वर साडेअडतीस टक्के: मूळ पस्तीस आणि त्यावर दहा टक्के अधिभार. ९,५७९ रुपये. कार्डानं भरले, पावती घेतली, वीस मिनिटं. पावती सायकलच्या फाइलमध्ये आहे. हो, सायकलची फाइल आहे.

तर कस्टमवाले धरतात का याचं उत्तर: मी धरायची वेळच येऊ दिली नाही, आणि सही केलेला कागद नसता तर नव्या सायकलीची किंमत धरली गेली असती, अशी मला भीती होती. सायकल, कस्टम, पिशवी, सुटे भाग सगळं मिळून ८५,००० रुपयांच्या आसपास गेले. एवढ्यात इथं चांगली गिअरची सायकल येते, दोनही येतील. पण पुण्यात दुसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघराच्या ओट्याखाली ठेवता येईल अशी कुठली येते?

घरी येऊन पिशवी उघडली तर पुढचं मडगार्ड चिरलेलं. नाजूक वस्तूचं लेबल त्याच्या बरोबर वर. विमान कंपनीला फोटोसकट मेल केला, पाचव्या दिवशी उत्तर आलं की नाजूक सामानाची जबाबदारी त्यांची नाही. मग लेबल कशासाठी देता, असा दुसरा मेल केला. त्याला उत्तर नाही. मडगार्डला आतून पट्टी लावली आहे, पावसात थोडं टपकतं.

आता पुण्यातलं. खरं सांगायचं तर ही सायकल आपल्या रस्त्यांसाठी केलेली नाही. मोठं चाक ज्या खड्ड्यावरून जातं त्यात हे उतरतं. मागच्या बाजूला रबराचा ठोकळा आहे, तो धक्का खातो. पुढं काही नाही, तो मनगटं खातात. कर्वे रोडवर मी तिला नेत नाही. कर्वेनगरच्या आतल्या गल्ल्या, म्हात्रे पूल, नदीकाठ, सकाळी साडेसहा ते आठ, एवढं आमचं राज्य. गतिरोधकावर उभं राहून जायचं. पौड रोडचा चढ पहिल्या गिअरवर निघतो, श्वास माझा जातो. स्टँड नाही, आणि हे प्रत्येक वॉचमन मला सांगतो. मागचं चाक पोटाखाली घेतलं की ती आपली आपण बसते, म्हशीसारखी. मग वॉचमन गप्प होतो.

घडी करून छोट्या चाकांवर ढकलत नेता येते असं तिकडे दाखवतात. मॉलच्या फरशीवर नेता येते. आपल्या फुटपाथवर उचलावीच लागते, आणि बारा किलो दोन मजले म्हणजे मला मधल्या जिन्यात थांबावं लागतं. गुडघ्यांची तक्रार असेल तर घेण्याआधी एकदा दहा किलो गव्हाची पिशवी घेऊन जिना चढून बघा.

उत्तम काय, तर पुढची पिशवी. ती हँडलवर नाही, फ्रेमवर अडकते. हँडल वळतं, पिशवी वळत नाही. पहिल्यांदा बिघडलंय असं वाटलं. पण चार किलो भाजी असली तरी हँडल जड होत नाही. आणि मेट्रो. वनाजला घडी करायची, बंडगार्डनला उतरून उघडायची, पुढं बहिणीच्या घरी सात मिनिटं. पहिल्या दिवशी सुरक्षारक्षक म्हणाला, बॅग मशीनमधून घाला. म्हटलं, बॅग नाही, सायकल आहे. तो म्हणाला, सायकल असेल तर चाक दाखवा. दाखवलं. आता लांबूनच हात करतो.

पंक्चरचं सांगायचं राहिलं. व्हिडिओत मागचं चाक काढणं बघितलं तर ऑपरेशनच आहे. हबमधून बाहेर आलेली गिअरची बारीक साखळी सोडा, टेन्शनर काढा, नट, मग चाक. मी वही घेऊन टिपून ठेवलं होतं. प्रत्यक्षात पंक्चर झालं तेव्हा आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांकडे वहीसकट गेले. त्यांनी सायकल उलटी केली, व्हॉल्व्हची टोपी बघून "स्कूटरचाच आहे" एवढं म्हणाले. मी साखळीचं वाचायला लागले.

"मावशी, चाक कशाला काढायचं? भोक ट्यूबला पडलंय ना?"

दोन पान्यांनी टायरची एक कड उचलली, ट्यूब तेवढीच बाहेर ओढली, घमेल्यात बुडवली. बुडबुडे. घासलं, सोल्युशन लावलं, फुंकर मारली, पॅच, वरून ठोकलं. ट्यूब आत. चाक जागचं हललं नाही. दहा मिनिटं, तीस रुपये. वही मी पिशवीत घातली.

टायरच्या बाबतीत मात्र फसले. मागचा टायर गेल्या पावसाळ्यात गुळगुळीत झाला. लेकीकडून आणलेल्या दोन ट्यूब होत्या, टायर आणला नव्हता. सोळा इंची टायर काय, लहान मुलांच्या सायकलींना असतोच. पेठेतल्या दुकानदारानं सोळाचा टायर काढून दिला. माझं चाक घेऊन त्यानं पाऊण तास खटपट केली आणि टायर नुसता चाकाभोवती यायलाच तयार नाही. सोळा इंच म्हणजे सोळा इंच, असं तो मला सांगत होता आणि टायर त्याला. मग टायरच्या कडेला कोरलेले बारीक आकडे वाचले. मुलांच्या सायकलीच्या रिमचा व्यास ३०५ मिलिमीटर, ब्रॉम्प्टनचा ३४९. नाव एकच, माप वेगळं. ज्याला ही सायकल आणायची आहे त्यानं बाकी काही विसरलं तरी हे दोन आकडे लिहून ठेवावेत आणि टायर सोबतच आणावेत. दुकानदारानं पैसे परत दिले, वर चहा पाजला.

लेक डिसेंबरात येते आहे. तिला यादी पाठवली: दोन टायर, पुढचं मडगार्ड, ब्रेकचे रबर. टायरपुढं ३४९ लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. तिचं उत्तर आलं, "आई, नातीचे फोटो टाकले तर नुसता अंगठा दाखवतेस, आणि टायरचा मेसेज एवढा मोठा?" नातीचा फोटो परत उघडून बघितला. तीनचाकीवर बसली आहे. सीट एक बोट वर घ्यायला हवी.